‘ताई, माझ्यातच काही कमी आहे का?’ दुर्बिणीची तारीख घेण्याआधी हे वाच

पत्र : ताई नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्याला राहते, वय ३१. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यातली दोन वर्षं आम्ही चान्स घेऊन राहिलो पण दिवस राहत नाहीत. पाळी ४०-४५ दिवसांनी येते, कधी दोन महिने पण जातात. लग्नानंतर वजन ७२ किलो झालं, उंची ५ फूट २ इंच. सोनोग्राफीत पीसीओडी निघाला, एएमएच ७.४ आला. मागच्या वर्षी थायरॉईड निघालं, टीएसएच ८ होता, तीन महिने गोळी घेतली मग बरं वाटलं म्हणून बंद केली. कॉलेजात असताना मला फुफ्फुसाचा टीबी झाला होता, सहा महिने कोर्स पूर्ण केला, सासरी हे कोणालाच माहीत नाही. मिस्टर बुटीबोरीला कंपनीत भट्टीजवळ काम करतात, शिफ्ट ड्युटी, दिवसाला सात-आठ खर्रे होतात. त्यांना तपासणी करा म्हटलं तर म्हणतात माझ्यात काही प्रॉब्लेम नाही, तू तुझं बघ. आता डॉक्टरांनी दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलंय, दहा हजार ॲडव्हान्स भरून झाला, पुढच्या महिन्याची तारीख आहे. सासूबाई एका गावावरून पुड्या आणतात त्या पण घेते. लग्नाआधी महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दोन-तीनदा घेतल्या होत्या, त्यामुळेच हे झालं का? या संक्रांतीला जाऊबाईंनी हळदीकुंकवाला मला बोलावलं पण नाही. नेमकं कशाकशाने अडतं ते एकदा नीट सांगा.

उत्तर :

आधी त्या गोळ्यांचं सांगते कारण तीच गोष्ट तुला आतून जास्त खाऊन राहिली असं पत्रावरून वाटलं. नाही, त्या गोळ्यांमुळे काही झालेलं नाही. आपल्याकडे महालक्ष्म्या आल्या की मेडिकल स्टोअरवरून या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, डॉक्टरला न विचारता घेतात हे मला आवडत नाही, पण चार-आठ दिवस घेतलेल्या त्या गोळीचा असर गोळी बंद केल्यावर काही दिवसांत संपतो, पाळी येऊन जाते आणि विषय तिथेच संपतो. अनेक वर्षांनी मूल होण्याच्या आड ती येत नाही. तीच गोष्ट गर्भनिरोधक गोळ्यांची आणि बहात्तर तासांच्या आतवाल्या गोळीची. लग्नानंतर पहिलं एक वर्ष तुम्ही काही वापरलं असेल तर त्याचाही दोष मनात धरू नको.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मी जरा जोर देऊन सांगते. तुझी सोनोग्राफी झाली, एएमएच झाला, थायरॉईड झालं, आता तुला भूल देऊन पोटाला छिद्रं पाडायची तारीख ठरली, आणि ज्या तपासणीला सुई पण टोचावी लागत नाही, जी सगळ्यात स्वस्त आहे आणि एका दिवसात होते, ती तुझ्या नवऱ्याची वीर्य तपासणी अजून झालीच नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूने काहीतरी कमी असतं, कधी एकट्या त्याच्याच बाजूने आणि कधी दोघांच्याही बाजूने थोडं थोडं. म्हणून माझा सरळ सल्ला, तो रिपोर्ट हातात आल्याशिवाय ऑपरेशन टेबलावर जायचं नाही. ओपीडीत अशा बायका येतात की ज्यांची दोन-दोनदा दुर्बीण झालेली असते, पोटावर टाके असतात, फाईल ही जाडजूड, आणि त्या फाईलमध्ये नवऱ्याचा एक कागद नसतो. मला खरंच राग येतो. त्या बाईचा नाही, तिला तिथपर्यंत एकटीला चालवत नेणाऱ्या सगळ्यांचा.

तुझे मिस्टर म्हणतात माझ्यात प्रॉब्लेम नाही. त्यांना कसं कळलं? बहुतेक पुरुष असं धरून चालतात की संबंध नीट जमतात म्हणजे सगळं ठीक आहे, पण त्याचा आणि शुक्राणूंच्या संख्येचा काही संबंध नाही, वीर्य दिसायला अगदी नॉर्मल असू शकतं आणि त्यात एकही शुक्राणू नसू शकतो, ते मायक्रोस्कोपखालीच दिसतं. आणि तुझ्या नवऱ्याच्या बाबतीत तर दोन गोष्टी समोर दिसून राहिल्यात. एक म्हणजे भट्टी. अंडकोष शरीराच्या बाहेर आहेत ते उगाच नाही, शुक्राणू नीट तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-चार डिग्री कमी तापमान लागतं, आणि जो माणूस आठ तास भट्टीच्या तोंडाशी उभा राहतो, वरून नागपूरचा मे महिना, त्याच्या शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. दुसरं म्हणजे खर्रा. सात-आठ खर्रे म्हणजे दिवसभर गालात तंबाखू आणि सुपारी आहेच असं समज. तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी झालेली दिसते, आणि जेवढं प्रमाण जास्त तेवढा परिणाम जास्त. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे पण पन्नीत घोटलेला खर्रा प्रत्येक चौकात मिळतो, त्यामुळे सोडायचं म्हटलं तर त्याला घरून मदत लागेल, नुसतं ओरडून होणार नाही. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, किंवा डेंटल कॉलेजला तंबाखू सोडायला मदत मिळते, तिथे चौकशी करा. आणि एक हिशोब त्याला सांग, नवा शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात, म्हणजे आज खर्रा सोडला तर त्याचा फायदा तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये दिसेल. भट्टीवरची ड्युटी तीन-चार महिन्यांसाठी बदलून मिळते का हेही सुपरवायझरला विचारून पाहावं, कारण सांगायची गरज नाही, तब्येतीचं सांगितलं तरी चालतं.

तपासणी कशी करतात ते नीट सांगते कारण बरेच जण लाजेपोटी घाईत करतात आणि मग रिपोर्ट खराब येतो. दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन काही नको, तीन-चार दिवसांचं अंतर बरं. शक्यतो लॅबमध्येच जाऊन सॅम्पल द्यायचं, धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या लॅबमध्ये त्यासाठी वेगळी खोली असते. घरून न्यायचं असेल तर लॅबने दिलेल्या डबीतच घ्यायचं, कंडोममध्ये नाही, साबण-तेल-थुंकी काही लावायचं नाही, आणि एका तासाच्या आत पोचवायचं. ती डबी शर्टाच्या आत अंगाला लावून न्यायची, फ्रीजमध्ये ठेवायची नाही आणि गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नाही, उन्हाळ्यात मानेवाड्याहून धंतोलीपर्यंत डिक्कीत गेलेलं सॅम्पल वाटेतच खराब होतं. पहिले थेंब सांडले तर तसं लॅबवाल्याला सांगायचं, कारण त्यातच शुक्राणू जास्त असतात. मागच्या तीन महिन्यांत डेंग्यू किंवा कोणताही जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगायचं, तापाने आकडे खाली येतात. रिपोर्टमध्ये काय बघायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकाप्रमाणे प्रमाण १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, आणि त्यातले ४२ टक्के हलणारे, या खालच्या मर्यादा आहेत. यापेक्षा कमी आलं म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, जास्त आलं म्हणजे गॅरंटी पण नाही. खराब आला तर घाबरून न जाता काही आठवड्यांनी परत करायचा, एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. आणि जिमला जाणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी पण, बॉडी बनवायला घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं शुक्राणू बनणं बंदच करून टाकतात.

त्याला तयार कसं करायचं हा खरा प्रश्न. सासूबाईंसमोर हा विषय काढू नको, तिथे कोणताही पुरुष अडूनच बसेल. तू असं म्हण की आपलं दोघांचं सिकलसेल करायचं आहे, आणि ते खरंच करायचं आहे. विदर्भात सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या त्या रक्ताच्या आजाराचं, प्रमाण जास्त आहे हे तुला माहीत असेलच. वाहक असलेल्या माणसाला सहसा काही त्रास नसतो, तो धडधाकट असतो, पण दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सरकारी रुग्णालयांत ही तपासणी होते, केंद्र सरकारचं सिकलसेल अभियान २०२३ ला सुरू झालं त्यातही मोठ्या प्रमाणावर होते आहे. ‘आमच्या घराण्यात नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये. तर दोघं एकाच दिवशी जा, रक्त दोघांचं द्या, तुझं थायरॉईड-शुगर त्याच दिवशी होऊन जाईल, आणि त्याच फेरीत त्याचं सॅम्पल. तू पण तपासून घेऊन राहिली हे दिसलं की पुरुषाला ते आपल्यावर आरोप केल्यासारखं वाटत नाही. तरीही नाहीच म्हणाला तर पुढच्या भेटीला त्याला सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांनाच त्याच्याशी बोलायला सांग, बायको बोलली की वाद होतो, डॉक्टर बोलले की बरेच जण ऐकतात.

आता तुझ्याकडे येऊ. तुझ्या पत्रात मला सगळ्यात मोठी गोष्ट दिसते ती पाळीची. पाळी ४५ दिवसांनी येणं याचा अर्थ एकतर बीज उशिरा फुटतंय किंवा बऱ्याच महिन्यांत फुटतच नाही. बीज फुटल्यापासून साधारण १४ दिवसांनी पाळी येते, हे मागून मोजायचं असतं, पुढून नाही. म्हणजे २८ दिवसांची पाळी असेल तर बीज १४ व्या दिवसाच्या आसपास, पण ४५ दिवसांची असेल तर ३१ व्या दिवसाच्या आसपास. मोबाईलमधली ॲप बऱ्याचदा सगळ्यांना १२ ते १६ दिवस दाखवत बसतात आणि बायका बिचाऱ्या त्याच पाच दिवसांत प्रयत्न करतात, नंतर महिनाभर थांबतात, आणि बीज फुटायची वेळ कोरडी जाते. बीज फुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून बीज फुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो एक दिवस एवढाच काळ कामाचा. तुझ्यासारख्या पाळीत तो काळ दर महिन्याला सरकतो, आणि पीसीओडीत त्या लघवीच्या ओव्ह्युलेशन किट पण फसवतात कारण त्या किट जे हार्मोन बघतात ते आधीच वाढलेलं असतं. त्यामुळे तारखा मोजण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी संबंध येतील एवढंच बघा. नवऱ्याची नाइट शिफ्ट आणि तुझा दिवस यात आठ-आठ दिवस भेटच होत नसेल तर तेही एक कारणच आहे, त्याला आजार म्हणत नाहीत म्हणून कोणी विचारत नाही. संबंधांच्या वेळी दुखत असेल, होतच नसतील, तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, लग्नाला चार वर्षं होऊन एकदाही नीट संबंध न आलेली जोडपी पण असतात आणि त्यांच्याही सोनोग्राफ्या चालू असतात. आणि झाल्यावर पाय वर करून अर्धा तास पडून राहायची काही गरज नाही.

पीसीओडी म्हणजे अंडाशयात गाठी झाल्या असं नाही. छोटी छोटी बीजं बरीच असतात पण बऱ्याच महिन्यांत त्यातलं एकही पूर्ण वाढून फुटत नाही, म्हणूनच तुझा एएमएच ७.४ आला, पीसीओडीत तो बहुतेक वेळा जास्तच येतो. या एएमएचवरून लोक फार गोंधळून राहिलेत. तो फक्त किती बीजं शिल्लक आहेत त्याचा अंदाज देतो, बीज चांगलं आहे का ते सांगत नाही, आणि या महिन्यात दिवस राहतील का हे तर अजिबात सांगत नाही. कमी आला म्हणून सगळं संपलं असं नाही आणि जास्त आला म्हणून सोपं असं पण नाही.

पीसीओडीत वजनाचा फार मोठा हात आहे, आणि हे मी तुला टोचून बोलायला सांगत नाही, ते काम बाकीचे करतच असतील. वजन वाढलं की इन्सुलिन नीट काम करत नाही, इन्सुलिन वाढलं की अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतात, आणि बीज अडकून बसतं. हनुवटीवर केस, मानेवर काळपटपणा हे त्याचंच. पण चांगली गोष्ट ही की बारीक व्हायची गरज नाही. वजनाच्या ५ ते १० टक्के कमी झालं तरी बऱ्याच जणींची पाळी आपोआप लायनीवर येते. तुझ्यासाठी म्हणजे साडेतीन ते सात किलो, बस. त्यासाठी उपाशी राहू नको, सोमवार-गुरुवार-चतुर्थी असे उपास धरून त्या दिवशी साबुदाणा आणि आलू खाल्ले तर वजन उलट वाढतं. चहातली साखर, दुपारचा भातच भात, संध्याकाळचा समोसा-कचोरी हे कमी कर, ज्वारीची भाकर, डाळ, अंडं चालत असेल तर अंडं, पालेभाजी वाढव, आणि ऊन चढायच्या आत रोज अर्धा-पाऊण तास चाल. साखरेची तपासणी पण करून घे, पीसीओडीत मधुमेह लवकर येऊ शकतो. ज्या मुली अगदीच हडकुळ्या आहेत किंवा खाणं सोडून व्यायाम करतात त्यांची पाळी पण बंद पडते, तेही लक्षात असू द्या.

बीज फुटायच्या गोळ्या असतात, लेट्रोझोल ही पीसीओडीत पहिली पसंती आहे, पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घ्यायची आणि मग सोनोग्राफीत बीज वाढतंय का ते बघायचं. तू पत्रात या गोळ्यांचा उल्लेखच केला नाही. दुर्बिणीतून अंडाशयाला छिद्रं पाडतात ते या गोळ्यांनी झालं नाही तर, त्याच्या आधी नाही. डॉक्टरांना सरळ विचार, दुर्बीण नेमकी कशासाठी सांगितली, आधी गोळ्या का नाहीत. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

थायरॉईडची गोळी बंद करायला नको होती. ती बरं वाटलं की सोडायची गोळी नाही. थायरॉईड कमी असेल तर बीज फुटण्यात अडथळा येतो, पाळी लांबते, वजन हटत नाही, आणि दिवस राहिले तरी सुरुवातीलाच पडायचा धोका वाढतो. टीएसएच लगेच परत कर, थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो. मूल हवं असताना तो साधारण २.५ च्या खाली ठेवायचा बघतात. गोळी सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्यासोबत, त्यानंतर अर्धा ते एक तास चहा नाही काही नाही, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर मध्ये चार तासांचं अंतर. आपल्याकडे सकाळी उठल्याबरोबर चहा लागतो, आणि गोळी चहासोबतच जाते, मग डोस वाढवत बसतात. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावरचं दूध तयार करणारं हार्मोन, ते पण एकदा तपास. आणि ॲसिडिटीसाठी तू मेडिकलवरून काही कॅप्सूल घेतेस का? त्यातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराईड असतं, त्याने प्रोलॅक्टिन वाढतं आणि पाळी लांबते. महिनोन्महिने घेणाऱ्या बायका आहेत, मूल होत नाही म्हणून फिरत असतात आणि पर्समध्ये ती पट्टी असते.

आता टीबीचं. हे तू सासरी सांगितलं नाही ते मी समजू शकते, आणि सांगायलाच पाहिजे असंही नाही. पण डॉक्टरांना सांगणं फार गरजेचं आहे, त्यांना सांगितलं का तू? फुफ्फुसातला टीबी रक्तातून गर्भनलिकांपर्यंत जाऊ शकतो आणि तिथे वर्षानुवर्षं गुपचूप बसतो, ताप नाही खोकला नाही काहीच नाही, फक्त नळ्या आतून चिकटतात किंवा गर्भपिशवीचं अस्तर खराब होतं. आपल्या देशात नळ्या बंद होण्याचं हे एक मोठं कारण आहे. तू कोर्स पूर्ण केला होता ही फार चांगली गोष्ट, तुला तो त्रास असेलच असं अजिबात नाही, पण नळ्या तपासून घ्यायला हव्यात. त्यासाठी एचएसजी नावाचा एक्स-रे असतो, पाळीचं रक्त थांबल्यावर आणि बीज फुटायच्या आत करतात, खालून पिशवीत औषध सोडतात आणि ते नळ्यांतून बाहेर पडतंय का ते बघतात. पाळीसारख्या कळा येतात, काहींना जास्त येतात, आधी दुखायची गोळी घ्यायची आणि सोबत कोणाला तरी न्यायचं, एकटीने गाडी चालवत परत येऊ नये. आत इन्फेक्शन किंवा टीबी चालू असण्याची शंका असेल तर एचएसजी लगेच करत नाहीत, म्हणून तुझा जुना इतिहास आधी सांगायचा. डॉक्टर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवू शकतात. खरंच निघाला तर उपचार आहे, सरकारी केंद्रात औषधं फुकट मिळतात. पण नुसत्या एका पीसीआर (जंतूचा अंश शोधणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टवर टीबीच्या गोळ्या सुरू करा असं कोणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे. आणि तुझ्या बाबतीत या टीबीमुळेच कदाचित पुढे दुर्बीण लागूही शकते, मी दुर्बिणीच्या विरोधात नाही, मी फक्त क्रमाबद्दल बोलते आहे.

नळ्या अपेंडिक्स फुटल्याने, गर्भपातानंतरच्या इन्फेक्शनने, आणि पांढरं पाणी, ओटीपोटाचं दुखणं अंगावर काढलं आणि त्यामागे इन्फेक्शन असलं तर त्याने पण खराब होतात. एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढतो त्या आजारात, पाळीत इतकं दुखतं की मुलगी लोळते, आणि घरातल्या बायका म्हणतात सगळ्यांनाच दुखतं. तुझ्या पत्रात तसं नाही म्हणून मी लांबवत नाही, पण ज्यांना दर महिन्याला सुट्टी घ्यावी लागते त्यांनी दाखवून घ्यावं. फायब्रॉईड, म्हणजे पिशवीची साधी गाठ, प्रत्येक वेळी आड येत नाही, पिशवीच्या आतल्या पोकळीत असेल तर येतो, भिंतीच्या बाहेर लहानसा असेल तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही.

वयाचं तू विचारलं नाही पण सासरी बोललं जात असेलच. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यात त्यातली फक्त ४००-५०० फुटतात, नवीन बनत नाहीत. पस्तिशीनंतर संख्या आणि दर्जा दोन्ही भराभर उतरतात. तिशीत सगळं व्यवस्थित असेल तरी एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण २० टक्केच असते, चाळिशीला ती ५ टक्क्यांच्या खाली जाते. तू ३१ ची आहेस, उशीर झालेला नाही, पण दोन वर्षं प्रयत्न झालेत म्हणजे तपासणीची वेळ नक्की झाली आहे. ३५ च्या आतल्यांनी एक वर्ष बघावं, ३५ च्या वरच्यांनी सहा महिने, चाळिशीच्या वर तर वाट बघूच नये. पाळी तुझ्यासारखी लांबत असेल तर वर्षभर पण थांबायचं कारण नाही.

पुड्या आजपासून बंद. त्यात काय आहे ते आणणाऱ्यालाही माहीत नसतं, अशा काही औषधांत शिसं आणि पारा सापडलेला आहे, आणि ते पोटातल्या बाळाला धोक्याचं आहे. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून ‘डॉक्टरांनी दुसरं काही घ्यायला मनाई केली’ एवढंच सांग. उद्या दिवस राहिल्यावर मुलगा होण्याची पुडी येईल, ती तर अजिबात घ्यायची नाही, मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्राणूवरून आधीच ठरलेलं असतं. त्यापेक्षा फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रामची गोळी आत्तापासूनच सुरू कर, बाळाच्या मणक्यासाठी ती दिवस राहण्याच्या आधीपासून लागते. तू गुडाखू किंवा खर्रा घेत असशील, इथे बऱ्याच जणी घेतात आणि सांगत नाहीत, तर तेही सोडायचं, तंबाखूचा त्रास बीजालाही होतो आणि पोटातल्या बाळालाही.

‘टेन्शन घेऊ नको मग राहील’ हे तुला पन्नास लोकांनी सांगितलं असेल. रोजच्या टेन्शनमुळे मूल होत नाही याला तसा पक्का पुरावा नाही, त्यामुळे रडू आलं तर रड, त्याने काही बिघडत नाही. आणि त्या हळदीकुंकवाचं. जाऊबाईंनी केलं ते चुकीचं केलं, यात मला काही दोन बाजू दिसत नाहीत. पुढच्या वर्षी तू तुझ्या घरी ठेव आणि ज्यांना कोणी बोलवत नाही त्या सगळ्यांना बोलाव, विधवा मैत्रिणी, बिनलग्नाच्या, मूल नसलेल्या. नवऱ्याने पण यात बोलायला पाहिजे, एवढं तरी त्याने करावं.

कोणी आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) पॅकेज सांगितलं तर लगेच पैसे भरू नको. तुमच्याकडे गोळ्या पण झालेल्या नाहीत. नळ्या दोन्ही बंद निघाल्या किंवा शुक्राणू फारच कमी निघाले तर मात्र महिनोन्महिने गोळ्या आणि आययूआयमध्ये (वीर्य नळीने पिशवीत सोडण्यात) वेळ घालवायचा नाही, तेव्हा आयव्हीएफबद्दलच बोलायचं. २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या) कायद्यानुसार अशा क्लिनिकची नोंदणी लागते, नोंदणीचं सर्टिफिकेट दाखवा म्हणायचं. खर्च झेपत नसेल तर तपासण्या आणि गोळ्यांपर्यंतचं बरंचसं काम डागा, मेयो, मेडिकल, मिहानचं एम्स या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत कमी पैशात होतं, रांग असते, सकाळी लवकर जावं लागतं.

आता तारीख. ऑपरेशन तातडीचं नाही, महिना-दोन महिने पुढे गेल्याने काही बिघडणार नाही. उद्याच हॉस्पिटलला फोन कर आणि तारीख पुढे ढकल, रिसेप्शनवर कारण विचारलं तर म्हण की मिस्टरांची तपासणी आणि माझं थायरॉईड आधी करून राहिलो. ॲडव्हान्सची पावती जपून ठेव, पैसे परत मिळतात की पुढे धरतात ते लिहून घे, आणि पुढच्या भेटीला जाशील तेव्हा टीबीचे जुने कागद माहेरून मागवून सोबत ने.